इटालियन हॉटेलातला अर्धा दर

"या मेनूवर अर्धा दर फक्त नवरा-बायकोला आहे, आजी," पांढऱ्या हातमोज्यांतला वेटर अदबीने म्हणाला.

"मग लावा की. हे माझे मिस्टर," असं म्हणत ताईने शेजारी बसलेल्या, तिच्या इमारतीतल्या गुप्त्यांकडे बोट दाखवलं.

मी टेबलाखालून तिला चिमटा काढला. "ताई, पास्त्यासाठी खोटं बोलतेस? या वयात?"

"खोटं नाही गं. सोमवारी रजिस्टर लग्न केलं. तुला सांगायलाच इथे बोलावलं."

माझ्या हातातला काटा ताटलीत पडला. ताई पंचाहत्तरची. सव्विसाव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं गेलं, तेव्हा मी दाराआड उभी राहून रडले होते. त्यानंतर एकाही हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही.

"बोल ना काहीतरी," वेटरशी ठणकावून बोलणाऱ्या ताईचा आवाज आता कापत होता. "माहेरचं माझं तू एकटीच उरलीस."

पिझ्झा आला. गुप्त्यांनी एक तुकडा घाबरतच माझ्यापुढे धरला.

"मला काय देताय? आधी तिला घास भरवा," मी म्हणाले. "आणि ताई, तू नाव घे. चांगलं मोठ्याने."