बाणाची वाटणी

दुसऱ्या स्क्रीनची वायर खाचेत अगदी चपखल बसली, आणि स्क्रीन काळी ती काळीच राहिली.

"बसली म्हणजे चालली असं नसतं हो, आत्या," टेबलाखाली वाकलेली भाचेसून म्हणाली. जेवणाच्या डब्याएवढा तो कॉम्प्युटर तिने फिरवून दोघी आत्यांना त्याची पाठ दाखवली. हा पोर्ट नुसती माहिती नेतो, शेजारचा चित्रही नेतो. दिसायला दोघं जुळे, फरक काय तो वर कोरलेल्या बारीकशा खुणेचा, असं तिने समजावून सांगितलं. वायर शेजारच्या पोर्टमध्ये गेली आणि स्क्रीन उजळली. पहिली स्क्रीन एचडीएमआय नावाच्या चित्राच्या पोर्टवर होतीच. आता एका डब्याला दोन स्क्रीन झाल्या, आणि दोन्ही आत्यांना हायसं वाटलं.

पेचच तसा होता. थोरली, म्हणजे निवृत्त गणिताच्या बाई, साठीपुढच्यांच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदाच अंतिम फेरीला पोचली होती आणि डाव आज पाच वाजता होता. धाकटी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. अस्वलाचं शेवटचं चित्र आज सहाच्या आत गेलं नसतं, तर प्रकाशक पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देणार होता. सकाळपासून त्या एका डब्यावरून दोघींनी असं काही घर डोक्यावर घेतलं, की भाचेसुनेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ऑफिसातली जुनी स्क्रीन काखोटीला मारून यावं लागलं. मागचे यूएसबी पोर्ट रिकामे बघून तिने दुसरा माऊसही जोडून दिला आणि आता गुण्यागोविंदाने राहा, असं बजावून ती गेली.

गुण्यागोविंद पाचपर्यंत टिकला.

थोरली पहिलं प्यादं उचलायला गेली आणि माऊसचा बाण तिच्या हातून निसटला. स्क्रीनची कड ओलांडून तो थेट धाकटीच्या अस्वलावर जाऊन बसला. तिने आपला माऊस ओढला, बाण परत आला. धाकटीने आपला ओढला, बाण पुन्हा तिकडे. या ओढाताणीत अस्वलाच्या नाकापासून कानापर्यंत एक तपकिरी रेघ उमटली. दोघींनी डब्याची पाठ पुन्हा नीट निरखली. चित्राचे पोर्ट दोन, स्क्रीन दोन, माऊस दोन. बाण मात्र एकच. भाचेसून फोन उचलेना, आणि इकडे थोरलीचं घड्याळ चालू झालेलं.

शेवटी गणिताच्या बाईंनीच तोडगा काढला. खेळी झाली की बाण धाकटीचा, समोरच्याने खेळी केली की परत थोरलीचा. धाकटीने नाक मुरडलं, पण रेघ पुसायला घेतली. पहिल्या काही खेळ्या "घे" आणि "दे" करत बऱ्या निघाल्या.

मग समोरच्याने आपला हत्ती उघड्यावर सोडला. थोरलीचे हात शिवशिवले. सापडलं की उचलायचं, हा तिचा जुना रोग. वर्गात मुलांना सबुरी शिकवणारी ही बाई पटावर मात्र दरवर्षी घाईपायी गारद व्हायची.

"दे."

"थांब. डोळ्यात चमक भरतेय."

"छोटे, त्याचा हत्ती फुकट मिळतोय."

"आणि आता सोडलं तर माझं अस्वल तिरळं होईल."

घड्याळ थोरलीचं पळत होतं, माऊस तिच्या मुठीत होता आणि बाण अस्वलाच्या डोळ्यात. ओढावा तर धाकटीचं पुस्तक जाणार. दुसरं काही करता येत नाही म्हणून ती नाइलाजाने पटाकडे बघत बसली. बघता बघता तिला कोपऱ्यातला उंट दिसला. तिने हत्ती उचलला असता, तर हा उंट तिरका येऊन तिचा वजीर घेऊन गेला असता. हत्ती नुसतं आमिष होता.

"झाला डोळा. घे तुझा बाण," धाकटी म्हणाली.

थोरलीने हत्तीला हातही लावला नाही. घोडा पुढे घातला आणि बाण परत धाकटीकडे सरकवला. त्यानंतर समोरच्याची खेळी झाली तरी ती लगेच मागेना. "असू दे, तू पंजे पुरे कर," म्हणायची आणि हनुवटीखाली मूठ धरून पटाकडे बघायची. धाकटीने एकदोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सहाला थोडाच अवकाश असताना अस्वल प्रकाशकाकडे रवाना झालं. पाठोपाठ समोरच्याने डाव सोडला. मग दोघी इतक्या हसल्या की धाकटीला खुर्चीचा आधार घ्यावा लागला आणि थोरलीचा चष्मा टेबलाखाली जाऊन पडला.

तेवढ्यात भाचेसुनेचा फोन आला. बिचारी ओशाळली होती. एका कॉम्प्युटरला बाण एकच असतो, हे आपल्या डोक्यातूनच गेलं, म्हणाली. तिच्याकडे असाच आणखी एक छोटा डबा पडून होता. उद्या येऊन जोडून देते, मग दोघींचे बाण वेगळे, कटकटच नको.

"मुळीच आणू नकोस," थोरली म्हणाली. "माझा बाण वेगळा झाला तर मी हरेन."