मुठीतला सेन्सर

सासूबाईंच्या हातची बिअर कधी आंबट झाली नव्हती. पिंपावर तळहात ठेवला की त्यांना कळायचं, ऊब कमी की जास्त. पण यंदाचं पिंप नातीच्या लग्नाचं. ते बिघडलं तर व्याह्यांसमोर नाक कापलं जाणार. म्हणून सुनेने, पिंप ठेवलेल्या जुन्या फ्रिजला जोडायला, तापमान राखणारे दोन कंट्रोलर आणले होते. खरा आकडा दाखवेल तो ठेवायचा, दुसरा परत.

"डबडी मेली," सासूबाई म्हणाल्या. "आण, मुठीत धरून बघते."

सुनेने वायरीच्या टोकाचा सेन्सर आधी स्वतःच्या मुठीत धरला होता, तेव्हा आकडा पस्तीस अंशांवर गेला होता. सासूबाईंनी मूठ आवळली, तसा तो उतरत उतरत अठरावर थांबला.

"बघ, बिघडलाय."

सुनेने दुसऱ्या कंट्रोलरचा सेन्सर दिला. तोही अठरावर थांबला.

"दुकानदाराने चांगलीच टोपी घातली तुला!"

सून हसली नाही. हा कंट्रोलर फ्रिजला जोडून अठरावरच लावलेला होता, आणि आतलं पिंपही अठरावरच होतं. सेन्सर सासूबाईंच्या मुठीतच राहू देऊन तिने बटण दाबलं आणि पंधरा केले. बंद दाराआड फ्रिज घुरघुरू लागला.

मुठीतला आकडा सतरा झाला. मग सोळा. पंधरा झाले आणि फ्रिज शांत झाला.

"आई," सुनेने हळूच विचारलं, "गार वाटतंय का हो?"

"मला काय धाड भरलीय?" सासूबाईंनी मूठ सोडली नव्हती. "सकाळपासून नुसतं उकडत होतं. आत्ता कुठे बरं वाटतंय. अजून थोडं उतरव."