एकही ठिपका चुकला नाही

राजकन्या नावाच्या पोरीच्या तोंडात, टाळूला, जन्मतःच फट होती. ऑपरेशनात ती बुजली, पण पोरीचं बोलणं एकट्या आईला, रुक्मिणबाईलाच कळायचं. जळकोटच्या दुकानात असो की पाव्हण्यांत, पोर बोलायची अन् आई लोकांना उलगडून सांगायची.

मग लातूरच्या, बोलणं शिकवणाऱ्या लुबना मॅडमनी तिच्या टाळूला एक पातळ पट्टी बसवली. बोलताना जीभ जिथं टेकेल, तिथले ठिपके कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजळायचे. ते बघत बघत एक दिवस पोरीच्या तोंडून 'भाकर' हा शब्द स्वच्छ निघाला, अन् शेजारी बसलेल्या आईला सोडून ती मॅडमच्या गळ्यात पडली. रुक्मिणबाईचा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्सं पोरीचा शब्द न् शब्द झेलला मी, अन् मिठी हिला!

"घरी नीट बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही, आई," मॅडमनी बजावलं.

"हाव," रुक्मिणबाई म्हणाली. पण घरी पोरीनं 'भाकर' म्हटलं, की ही तोंड फिरवून चूल फुंकत बसायची. जुन्यासारखं 'भाअर' म्हटलं, की गरम भाकरीवर लोण्याचा गोळा यायचा.

पुढच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "राजकन्या, आज तुझ्या मनानं एक लांब वाक्य बोल बरं."

पोरीनं आईकडं पाहिलं, जरा घुटमळली अन् एका दमात बोलून गेली, "घरी नीट बोललं की माझी आई रुसती."

मॅडमची नजर पडद्यावर होती. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "एकही ठिपका चुकला नाही! ऐकलंत ना, आई?"