उघड्या डोळ्यांची झोप

खिडकीच्या कठड्यावर कबुतर येऊन बसलं आणि कुत्र्याचे डोळे हलले नाहीत, तेव्हा आजोबा खुर्चीत ताठ झाले.

त्या कुत्र्याच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे. गल्लीच्या टोकाला मांजराने शेपूट हलवली तरी इकडे घरात त्याची मान ताठ. त्याची जातच तशी. वासाच्या भानगडीत न पडता नुसत्या नजरेने पाठलाग करायचा. आणि आता हातभर अंतरावर कबुतर घुमत होतं, तरी हा पठ्ठ्या गादीवर टक्क डोळे उघडे ठेवून ढिम्म.

म्हणजे तो झोपला होता. आणि ठमी त्याच्याकडे निघाली होती.

ठमी म्हणजे त्यांची नात. सव्वा वर्षाची, दोन पावलं टाकून तिसऱ्याला बुडावर बसणारी. आजोबा मघापासून कौतुकाने बघत होते. कुत्रा जागा आहे, पोरीकडेच बघतोय, असं ते धरून चालले होते.

लेकीने बजावलं होतं. कुत्र्यांच्या शर्यतीतून काढून टाकलेला हा हाडांचा सापळा आठ दिवसांपूर्वी घरी आणला, त्याच दिवशी. "बाबा, हे डोळे उघडे ठेवून झोपतात. झोपेत अंगाला हात लागला की आधी चावतात, मग जागे होतात. आधी नाव घेऊन हळू हाक मारायची. ओरडायचं नाही. आणि ठमीला त्याच्या गादीजवळ फिरकू द्यायचं नाही."

आजोबांनी ऐकलं होतं, पण रुसून. कुत्रं दिसलं की रस्ता बदलणारा माणूस तो. लेकीला हे माहीत असून तिने कुत्रा आणला, वर त्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, जमीन टोचते, म्हणून त्याला जाड गादी. आजोबांची गादी त्याहून पातळ होती. त्या रागात त्यांनी आठ दिवस त्याला 'तुमचं ते' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आता नाव हवं होतं, तर आठवेना. आठवणार कुठून? त्यांनी ते कान देऊन कधी ऐकलंच नव्हतं.

पस्तीस वर्षं त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारली होती. बाकावर पेंगणारे साक्षीदार खाडकन उभे राहत. आज एक नाव सापडत नव्हतं.

"ठमे," ते कसंबसं म्हणाले. "इकडे ये बाळा."

ठमी वळली, हसली आणि गादीच्या दिशेने तुरुतुरु पळाली. आजोबांनी बोलावलं की पळायचं, हा खेळ त्यांनीच तिला शिकवला होता.

"मोती?" ते हळूच म्हणाले. "राजा? अरे... वाघ्या?"

कुत्र्याचे पाय गादीवर सरसर हलत होते. कुठल्या तरी स्वप्नात तो जोरात पळत होता. ओठ जरा वर गेले होते आणि दात दिसत होते. ठमी त्याच्या डोक्याशी वाकली. तिला त्याचा कान हवा होता.

आजोबा उठले. खुर्ची करकरू नये म्हणून दोन्ही हातांनी तोलून उठले. कुत्र्याची भीती वाटत होती, पण आपण वेळेवर पोचणार नाही याची त्याहून जास्त. ठमीचा हात कानापासून वीतभर राहिला. तिला उचलायला वेळच नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि आपला हात मध्ये घातला.

कुत्रा भुंकला नाही, गुरगुरला नाही. मनगटावर जबडा मिटला, एवढंच. मग त्या उघड्या डोळ्यांत तो जागा झाला. त्याने हात सोडला, माणसासारखी किंकाळी फोडली आणि कपाटामागच्या फटीत घुसून थरथरत राहिला. आजोबांनी दुसऱ्या हाताने ठमीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

लेक कामावरून आली तेव्हा ते ठमीला धरून जमिनीवरच बसले होते. तिने आधी ठमीला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मग बापाचा हात नळाखाली धरला. पाणी लाल झालेलं बघून तिचे ओठ पांढरे पडले.

"दवाखान्यात जाऊ. पण आधी ज्यांनी कुत्रा दिला त्या लोकांना फोन करते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा म्हणते."

माणसाला चावलेला कुत्रा परत गेला की त्याला दुसरं घर मिळत नाही, हे तिनेच सांगितलं होतं. तिने नंबर लावायला घेतला.

"थांब," आजोबा म्हणाले.

"का? तुम्हाला तर तो नकोच होता."

"नकोच होता." त्यांनी नळ बंद केला. "पण मी त्याच्या नावाचा पुकारा केला नाही. पुकारा झाल्याशिवाय कोणाच्याही विरुद्ध निकाल देत नाहीत."

लेकीने फोन खाली ठेवला.

"ठमीला आत नेऊन दार लाव," ते म्हणाले, "आणि मला त्याचं नाव सांग."

ठमीला आत ठेवून ती परत आली आणि तिने नाव सांगितलं. आजोबांनी ते एकदा मनाशी म्हणून पाहिलं. मग लेकीच्या पाठीआड उभे राहून, भीत भीत, त्यांनी कपाटाच्या दिशेने हळू हाक मारली.