हवेवरचा पाट

संजीवनीने प्लास्टिकवर कात्री टेकवली आणि फाटकाकडे एकदा पाहून घेतले. धाकटी जाऊ जयमाला लांब वायर आणायला मेहकरला गेली होती; परतीची एस.टी. यायला अजून अवकाश होता. पडवीत जयमालाचे यंत्र उपडे पडले होते. शाळेत त्याला हॉवरक्राफ्ट म्हणत, घरात हवेवरचा पाट. प्लायवूडचा एक मोठा गोल, त्याच्या तळाला शेततळ्याच्या अस्तरातले उरलेले जाड प्लास्टिक, आणि वरच्या अंगाला गॅरेजमध्ये धूळ उडवतात तसला जुना ब्लोअर. हवा भरली की पाट जमिनीवरून बोटभर उचलला जाईल आणि बसलेल्या माणसासकट फरशीवरून सरकेल, असे जयमालाचे म्हणणे होते. जानेफळच्या शाळेत ती विज्ञान शिकवी. उद्याच्या प्रदर्शनात, साऱ्या गावासमोर, ती पाटावर प्रत्यक्ष सासऱ्यांना बसवणार होती.

पाट अजून एकदाही हलला नव्हता. ब्लोअर सुरू केला की प्लास्टिक टम्म फुगे आणि पाट त्यावर डुगडुगत जागीच बसून राही. कुठून तरी हवा निसटते आहे, असे म्हणून जयमाला रोज नवे भोक शोधी आणि त्यावर पट्टी चिकटवी. भोक शोधायची नजर तिने संजीवनीकडूनच उचलली होती. शेततळ्याला अस्तर बसले तेव्हा भर उन्हात काठावर उभी राहून एकेक भोक बुजवून घेणारी संजीवनीच होती. प्लास्टिकला भोक पडले म्हणजे उन्हाळ्याचे पाणी गेले, हे त्या घरात लहानथोर सारे जाणत.

त्या काळी सासरे महादेवराव थोरल्या सुनेला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत. आता विहिरीवरची मोटार बंद पडली तरी हाक जाई ती, "जयमाला, पाह्य वं जरा." संजीवनी ओट्यापाशी ती हाक ऐके आणि हातातले भांडे उगाच जोराने घाशी. काल तर त्यांनी तूर केव्हा सोंगायची, हेही धाकटीलाच विचारले. जिने कधी विळा हातात धरला नव्हता, तिला.

कडेला कापले तर लगेच दिसेल, म्हणून संजीवनीने मधोमध कापले. लहान भोक ती बुजवून टाकील, म्हणून मुठीएवढे कापले. एवढ्यावर थांबायला हवे होते. हात थांबला नाही; त्याच्याभोवती आणखी चार-पाच भोके पडली. अखेर तिने पाट सुलटा करून ठेवला आणि प्लास्टिकचे तुकडे उकिरड्यात पुरले.

जयमाला परतली ती अंधार पडल्यावर; पाट पुन्हा तपासायला वेळ उरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या नव्या सभागृहात, गुळगुळीत फरशीवर, महादेवराव खुर्चीसकट पाटावर विराजमान झाले.

"भाऊजी, नवरदेवावानी फेटा तरी बांधाचा व्हता," शेजारच्या विमलबाई म्हणाल्या.

"नवरी नाई न पाट पहिले, असं झालं हे," महादेवराव म्हणाले.

संजीवनी मुद्दाम पुढच्या रांगेत बसली होती. जयमालाने ब्लोअर सुरू केला.

पाट उचलला गेला. जयमालाने हलकेच हात लावला, आणि सत्तरी उलटलेले महादेवराव लोण्यावरून सरकावे तसे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकत गेले. टाळ्या थांबेनात.

सर्वांत जास्त चकित झाली होती ती जयमालाच. तिने ब्लोअर बंद केला, सासऱ्यांना उतरवले आणि पाट कलता करून तळ पाहिला. कात्रीने कापलेल्या स्वच्छ कडांवर तिची नजर खिळली. मग तिने मान वर केली ती सरळ थोरल्या जावेकडे.

"बाबा, हे माह्यानं झालं नाई," ती म्हणाली. "मी हवा कोंडून ठेवून राह्यली होती. ती या भोकातून खाली आली, फरशीच्या न् पाटाच्या मधात पसरली, तवा पाट सुटला. अन् हे भोकं ताईनं पाडले."

महादेवराव थोरल्या सुनेकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"संजीवनी, कसं सुचलं वं तुले?"

किती दिवसांनी त्यांनी तिला काही विचारले होते. तिने नुसती मान लववली असती तरी पुरे होते. मान तिच्या पदरात पडलाच होता. पण तो जयमालाने टाकला होता, आणि त्या हातचे काही घ्यायचे नाही, हे संजीवनीने केव्हाच ठरवले होते. ती उठली. पदर सारखा केला.

"सुचते कायचं, बाबा. मले इचा पाट मोडाचा होता, म्हणून कापला."

सभागृहात हशा उसळला. विमलबाईंनी मांडीवर थाप मारली. महादेवराव तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हसली नाही ती एकटी जयमाला.