मिठाची रेघ

सुनेनं तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला आणि ती रीतसर चेटकीण झाली. पहिल्याच दिवशी तिनं आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढली आणि मधोमध पाच टोकांची चांदणी काढली. कुठलीही वाईट शक्ती ही रेघ ओलांडत नाही, असं गुरुमाईंनी शिकवलं होतं. नवरा हसून हसून लोळला. पण इतकी वर्षं न विचारता आत शिरून तिचं कपाट लावणाऱ्या सासूबाई त्या दिवसापासून दारातच थबकू लागल्या.

"येऊ का गं?"

विद्या खरी निघाली म्हणून सून मनातल्या मनात खूश!

महिन्याभरानं सासूबाई मिठाची बरणी घेऊन आल्या.

"माझ्याही दाराशी ओढून दे एक रेघ."

"अहो आई, तुमचा कुठे विश्वास आहे यावर?"

"काडीचा नाही. पण दारात एवढं मीठ ओतलेलं बघून कळतं गं माणसाला."

सून ओशाळली. "मग... तुम्हाला कुणाला अडवायचंय?"

"कुणालाच नाही. चाळीस वर्षं झाली मला या घरात. एकदा तरी कुणी बाहेर थांबून विचारावं, येऊ का म्हणून."