करिष्माचं मूल्यमापन पत्रक

“सर, या पुड्यात तीन पानं कमी हायेत,” करिष्मा म्हणाली.

खुशाल मेश्राम सरांनी चष्मा वर सरकवला. तेंदूच्या हंगामात गावात सत्तर पानांचा पुडा बांधतात. हंगामाला अजून अवकाश होता, म्हणून सरांनी पळसाच्या पानांचे चार पुडे बांधले होते आणि एकातून गुपचूप तीन पानं काढून घेतली होती.

“नीट मोजलीस?”

“दोनदा मोजली. देठं तुमच्या खिशातून दिसून राह्यले.”

सर हसले, पण थोडंच.

कुरखेड्यापासून बरंच आत, जंगलातल्या त्या शाळेत करिष्मा दुसरीत एकटी होती. बाकीच्या वर्गांत कुणीच नव्हतं, म्हणजे सगळ्या शाळेतच एकटी. तरी सर रोज हजेरीला तिचं पूर्ण नाव घेत आणि ती उभी राहून ‘हजर’ म्हणे. रविवारी ती येत नसे. रविवारी शाळेमागच्या आपल्या खोलीत सर कुणाशीच बोलत नसत, आणि तो दिवस त्यांना खायला उठे.

बाकीची पोरं एकेक करून निवासी शाळेत गेली होती. आता तिची पाळी होती. त्यासाठी वर्गशिक्षकाने भरलेलं मूल्यमापन पत्रक लागे. वाचन, मोजणी, माप, बोलणं. दोन ठिकाणी ‘येत नाही’ आलं की नाव गळालं. शुक्रवारी पत्रक पाठवायचं होतं.

ती गेली की शाळेला कुलूप. “मग तुमची बदली भद्रावतीकडे होईल, घर जवळ पडेल,” केंद्रप्रमुख म्हणाले होते. घर होतं खरं. पत्नी नीलिमा वारल्यापासून तीन वर्षं त्यालाही कुलूपच होतं.

मंगळवारी माप झालं. चार शेर मोहफुलं ओतून पायली भरायची होती. सरांनी मुद्दाम पोचा पडलेला शेर दिला होता. चौथा शेर ओतूनही पायली भरली नाही, तशी करिष्मा आत डोकावली.

“कोनतं तरी माप खोटं हाय,” ती म्हणाली. मग घरून दुसरा शेर आणून शेर आणि पायली या दोघांतला चोर कोण, तेही तिनं शोधून काढलं.

बुधवारी वाचन. गोष्टीतली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून सरांनी विस्कटून दिली. तिनं ती ओळीनं लावली आणि एक चिठ्ठी बाजूला सारली.

“हे दुसऱ्याच गोष्टीतलं हाय. आनखी कठीन द्या ना, सर.”

संध्याकाळी तिचा बाप वारलू आला. पायरीवरच बसला.

“जमन का हो सर, तिले?”

“तेच तपासतोय, वारलूभाऊ. रोज नवीन काहीतरी काढतो.”

“पत्र्याची पेटी आनली म्या तिच्यासाठी. रोज उघडून पाह्यते.” वारलू जरा घुटमळला. “तुमाले लळा हाय तिचा. म्हून जास्तीचं नोका लिवू. तिथं मांगं पडली त रडन ते पोरगी.”

“नाही, जास्तीचं नाही लिहिणार,” सर म्हणाले.

गुरुवारी बोलणं उरलं होतं. सरांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर बसले.

“आज तू सर. मला उत्तर येणार नाही, असा एक प्रश्न विचार.”

करिष्मानं बराच वेळ पाय हलवले.

“मी गेल्यावर तुमी कोनाले शिकवान?”

सर सतरंजीवरून उठले. त्यांनी फळ्यावर पैकीच्या पैकी गुण लिहिले आणि तिला लवकर सोडलं. ती नाचतच घरी गेली. शाळेत एकदम शांत झालं.

सरांनी टेबल पुसलं, पत्रक समोर घेतलं. वरच्या ओळीत वळणदार अक्षरात लिहिलं, करिष्मा वारलू नरोटे. वाचनापुढे लिहिलं, येत नाही. मोजणी, येत नाही. माप, येत नाही.

‘बोलणं’ या शब्दापाशी त्यांचा हात जरा थांबला, आणि मग तिथेही त्यांनी तेच लिहिलं.